शेवटच्या प्रोसेसरवरचे काम

संगणक केंद्रातील सर्वजण त्यांना 'रांगताई' म्हणत. हे नाव प्रथम कुणी ठेवले ते कुणालाच आठवत नव्हते. आरंभी त्यात थोडी थट्टा असणार. परंतु मी त्यांना ओळखू लागलो तोवर ती पार झिजून गेली होती, आणि संचालकांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सारे ते नाव आदरानेच उच्चारीत.

त्यांचे काम समजून घेण्यास मला बराच अवधी लागला. संस्थेच्या तळमजल्यावर एका थंडगार दालनात लोखंडी कपाटांच्या ओळी होत्या आणि त्या कपाटांत एकच प्रचंड संगणक वसत होता. त्याच्या पोटात अनेक प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारे अनेक कामकरी. हवामान, पूलबांधणी, औषधशास्त्र, खगोल अशा नाना विभागांतील अभ्यासक आपापली गणिते तिथे धाडीत. गणिते उदंड आणि कामकरी मोजके, म्हणून प्रत्येक प्रोसेसरपुढे एक रांग. कोणते काम आधी घ्यावे, त्याला किती क्षण द्यावेत, ते क्षण सरले की त्याला उठवून दुसऱ्याला कसे बसवावे, हे एक आज्ञावली ठरवीत असे; आणि त्या आज्ञावलीचे नियम रांगताई ठरवीत. काचेच्या तावदानाआड, खांद्यावर राखाडी शाल आणि हाताशी चहाचा थर्मास घेऊन त्या बसत. पंख्यांचा घोष अखंड चाले. त्या घोषात राहून राहून त्यांचा स्वर थोडा चढा झाला होता, आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्या की स्वतःच्याच आवाजाने दचकून त्या तो खाली आणीत.

वापरकर्त्यांसाठी आपल्या भाषेत एक मार्गदर्शिका लिहावी असे संस्थेने ठरविले आणि परिभाषा तपासण्यासाठी मला बोलावणे आले. आयुष्य धातू आणि प्रत्यय यांच्या संगतीत गेल्यामुळे मी पुष्कळ शब्द सिद्ध करून नेले होते. रांगताईंनी माझी यादी शांतपणे वाचली. एखादे काम चालण्यास तयार असूनही त्याची पाळीच येत नाही, नेहमी दुसरेच कुणी पुढे जाते, अशा अवस्थेसाठी मी 'संधिवंचना' हा शब्द योजला होता. तिथे त्या थांबल्या.

"शब्द छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण चांगला खाऊनपिऊन धष्टपुष्ट आहे. त्याच्याकडं बघून कुणाला वाटणार नाही की आत कुणीतरी उपाशी आहे. साधं 'उपासमार' म्हणू या ना."

मी 'उपासमार' लिहिले. मात्र 'सिद्ध' आणि 'अवरुद्ध' हे माझे दोन शब्द त्यांनी मनापासून स्वीकारले, आणि त्यांचा अर्थ मला नीट कळला तो एका भांडणातून. आम्ही बोलत असतानाच काचेचे दार ढकलून एक उंच, विस्कटलेल्या केसांचे गृहस्थ आत आले. हे हवामान विभागाचे शास्त्रज्ञ. केंद्रात त्यांना 'हवामानवाले' एवढेच म्हणत.

"रांगताई, माझं काम अडकलंय! सकाळपासून जागचं हललेलं नाही."

"अडकलेलं नाही. थांबलंय."

"एकच की ते."

"एकच कसं? दवाखान्यात जाता ना तुम्ही? बाकावर बसून डॉक्टर कधी बोलावतात याची वाट बघणारा एक पेशंट असतो. बोलावलं की लगेच आत. तो सिद्ध. आणि दुसऱ्याला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, आधी छातीचा फोटो काढून आणा. त्याला आत्ता बोलावून उपयोग नाही, कारण त्याचा फोटोच आलेला नाही. तो अवरुद्ध. पहिल्याला डॉक्टर हवा आहे, दुसऱ्याला डॉक्टर सोडून बाकी काहीतरी. तुम्ही दोघांनाही 'अडकला' म्हणता आणि मग माझ्या अंगावर येता."

"बरं बाई, माझा पेशंट कुठला?"

"बाकावरचा. आणि बाकावर तुमच्या आधी पूलवाले बसलेत."

"आणि पूलवाल्यांच्या आधी?"

"तुमचंच कालचं काम. त्याला मी काय करू?"

हवामानवाले हसत बाहेर पडले. परंतु त्या दिवसापासून त्यांनी ते दोन शब्द असे काही उचलले की उपाहारगृहात चहा यायला उशीर झाला तरी ते विचारीत, "आमचा चहा सिद्ध आहे की अवरुद्ध?"

दुसरी जोडी अधिक सूक्ष्म होती: भारविभागणी आणि भारसंतुलन. मला हे दोन्ही एकच वाटत होते. ही गोष्ट समजावताना रांगताई आपल्या वडिलांच्या धंद्याकडे वळल्या. ते पुस्तकबांधणी करीत. घराखालच्या खोलीत दोन लांब मेजे, डिंकाचा वास, कागदाच्या कातरणांचा खच. रांगताईंचे बालपण त्यांतच गेले. "भारविभागणी म्हणजे एवढंच," त्या म्हणाल्या, "की एका मेजावर शिवायचे फर्मे, म्हणजे छापील कागदांच्या घड्या, पडलेत आणि दुसऱ्या मेजावरचा माणूस हात बांधून बसलाय, असं होऊ द्यायचं नाही. संतुलन म्हणजे दोन्ही मेजांवरचे गठ्ठे सारख्या उंचीचे ठेवायचे. ऐकायला संतुलन बरं वाटतं. पण आप्पा म्हणायचे, गठ्ठे सारखे करत बसलात तर बांधणी कोण करणार? आणि अर्धं शिवलेलं पुस्तक उचलून दुसऱ्याच्या हातात दिलं, की त्याला पहिल्यापासून दोरा शोधावा लागतो. म्हणून काही कामं एकाच प्रोसेसरला बांधून ठेवतो आम्ही. त्यांना कुणी हलवायचं नाही."

आप्पांविषयी त्या असे सहज बोलून जात. आईविषयी त्या कधी बोलल्या नाहीत. ते कळले त्यांच्या घरी गेल्यावर.

मार्गदर्शिका छापून झाली की तिची एक प्रत स्वतःच्या हाताने बांधीन असा आप्पांचा हट्ट होता, आणि त्यासाठी कागद दाखवायला मला नेण्यात आले. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. बांधणीचे सामान आता एका कपाटात मावले होते. आप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगठ्याच्या बाजूला दोऱ्याने पडलेल्या जुन्या खाचा होत्या. कागद त्यांनी डोळ्यांनी पाहिलाच नाही, दोन बोटांत धरून त्याचा आवाज ऐकण्यासाठी कानाशी नेला, झटकला, आणि मग तोंड वाकडे करून म्हणाले, "हल्ली कागदही मुका झालाय."

"कागद बोलतोय, आप्पा," रांगताई त्यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू येत नाही."

"मग तसं सांग ना. मी उगीच कागदाला दोष दिला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उजवा तर केव्हाच गेला. डावा आहे अजून, पण तोही बाडबिस्तरा आवरायला लागलाय. ती कानाची डॉक्टरीण म्हणते, बारीक आवाज आधी जातील, मग बाकीचे. म्हणून हिला रोज विचारतो. काय गं, लागला का नंबर?"

"रांगेत आहे, आप्पा."

"रांगेत आहे म्हणे! अहो, दारात हीच बसते. जरा पुढं ढकल म्हटलं तर ऐकत नाही."

"दारात बसणाऱ्यानंच ढकललं तर रांग कशाला हवी?"

"घ्या! अगदी आईवर गेली. ती गावाचे कपडे शिवायची आणि स्वतःचं फाटकं सगळ्यांत शेवटी घ्यायची. बहुतेक वेळा ते फाटकंच राहायचं."

जिन्यावरून खाली उतरताना रांगताईंनी मला या नंबराची हकीकत सांगितली. त्या जेमतेम चालू लागल्या होत्या तेव्हाच त्यांची आई वारली. चेहरा छायाचित्रांतून ठाऊक. आवाज ठाऊक नाही. मात्र त्यांच्या काकांनी एका दुपारी कामाच्या जागेवरून ध्वनिमुद्रणाचे यंत्र घरी आणले होते आणि ते नीट चालते का हे पाहण्यासाठी सुरू करून ठेवले होते. आई त्या वेळी शिवणयंत्रावर बसून गुणगुणत होती. ती फीत कपाटात राहिली, तिला ओल लागली, आणि काही दशकांनी कुणीतरी ती ऐकवली तेव्हा तिच्यातून केवळ खरखर आणि खडखडाट एवढेच निघाले. त्याच्या तळाशी कुठेतरी गाणे होते. आप्पा म्हणत, "आहे, ती आहे आत." रांगताईंना काहीच ऐकू येत नसे.

पुढे संस्थेत ध्वनिशास्त्राचा अभ्यास करणारी एक तरुणी आली. गोंगाटातून मनुष्याचा आवाज वेगळा काढण्याची एक रीत तिने बसवली होती. तिने ती फीत मागून घेतली, तिचे तुकडे तुकडे करून गणित मांडले. परंतु ते गणित फार मोठे होते, त्या प्रचंड संगणकावाचून सुटणारे नव्हते. संचालकांनी परवानगी दिली ती एका अटीवर: खासगी काम, म्हणून सर्वांत खालच्या वर्गात. ज्या क्षणी प्रोसेसरला दुसरे कोणतेही काम नसेल, केवळ त्या क्षणीच हे चालावे. तरुणीने हिशेब केला की अशा रिकाम्या क्षणांवरही थंडी सरेपर्यंत ते पुरे होईल. मग ती पुढच्या अभ्यासासाठी दूर निघून गेली.

ते काम रांगेत लावताना रांगताईंनी दोन गोष्टी केल्या. खालच्या वर्गातील कामांनी इकडे तिकडे फिरून इतरांना त्रास देऊ नये, म्हणून त्या वर्गासाठी पूर्वीच केलेल्या नियमाप्रमाणे ते शेवटच्या प्रोसेसरला बांधले. आणि मनाशी ठरवले, की ते पुरे झाल्याचा निरोप यंत्राकडून येईपर्यंत त्या कामाकडे आपण पाहायचे नाही.

"पाहायला काय हरकत होती?" मी विचारले.

"तुम्ही उपास केलात कधी? मग स्वयंपाकघरात जाऊन नुसतं बघून येता का?"

थंडी सरली. उन्हे चढली. मार्गदर्शिकेची प्रकरणे एकेक करून हातावेगळी होत गेली. मी त्यांच्या घरी गेलो की आप्पा आता कागद कानाशी नेत नसत. दारावरची घंटा त्यांना ऐकू येईनाशी झाली; खिडकीतले पक्षी गेले, पाण्याच्या नळाचा बारीक स्वर गेला. स्वयंपाकघरातून रांगताईंनी हाक मारली तर कळत नसे, पण दार आपटले तर मान वळे. तरीही प्रश्न तोच. "लागला का नंबर?" आणि उत्तर तेच. मात्र ते उत्तर देताना रांगताईंना आता अधिकाधिक खाली वाकावे लागे, अधिकाधिक मोठ्याने बोलावे लागे, आणि प्रतीक्षेची गोष्ट मोठ्याने ओरडून सांगणे किती कठीण असते ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

एकदा त्या मला म्हणाल्या, "रात्रंदिवस चालणाऱ्या त्या हॉलमध्ये मी बसलेली असते आणि वाटतं, यांतल्याच कुठल्यातरी कपाटात आई आहे. पंख्यांच्या आवाजात कान देऊन बसते. वेड्यासारखंच आहे ते. पण बसते."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, आम्ही 'उपासमार' या नोंदीचा मजकूर वाचत होतो. हवामानवाले मोठ्या उत्साहात आत शिरले. त्यांच्या विभागाचे एक नवे, अखंड चालणारे काम काही महिन्यांपासून सुरू होते आणि आपण आता रांगा वाचायला शिकलो आहोत हे त्यांना दाखवायचे होते. त्यांनी सरळ रांगताईंच्या शेजारची खुर्ची ओढली आणि पडद्यावर सगळे प्रोसेसर मांडले.

"आज परीक्षा घ्या माझी. हे पूलवाल्यांचं, चालू. हे औषधवाल्यांचं, अवरुद्ध, माहिती यायची आहे. बरोबर?"

"बरोबर."

"हे आमचं, शेवटच्या प्रोसेसरवर. चालू. कायम चालू. तुम्हीच बांधून दिलंत इथं, म्हणालात हा प्रोसेसर सगळ्यांत मोकळा आहे."

"मोकळाच होता. त्याच्यावरचा भार शून्य दिसत होता."

"शून्य? मग आमच्या मागं हे कोण उभं आहे?" ते पडद्याजवळ वाकले. "सिद्ध. अवरुद्ध नाही बरं का, सिद्ध. मी नीट बघितलं. आणि आमचं काम बसल्यापासून याला एक क्षणसुद्धा मिळालेला नाही. अहो रांगताई, बाजूचे दोन प्रोसेसर रिकामे बसलेत आणि हे बिचारं इथं दावणीला बांधलंय! तुमच्याच भाषेत सांगायचं तर याची उपासमार झालीय. कुणाचं आहे हे?"

रांगताई पडद्याकडे पाहत होत्या. आपणच नेमलेल्या कामाकडे त्या प्रथमच पाहत होत्या. काय घडले असेल ते त्यांना आमच्या कितीतरी आधी कळले. भार मोजणाऱ्या नियमात खालच्या वर्गातील कामे धरलीच जात नसत. ती रिकाम्या वेळची, त्यांचा कसला भार, म्हणून. त्यामुळे शेवटचा प्रोसेसर सदैव मोकळा दिसे. त्याच मोकळेपणावर विसंबून त्यांनी हवामानवाल्यांचे अखंड चालणारे काम तिथे बांधले. आधीपासून बांधलेले दुसरे काम त्याच्यामागे उभे राहिले. त्याला हलविण्याची मुभा संतुलनाच्या आज्ञावलीला नव्हती. जी कामे फार काळ वाट पाहतात त्यांना हळूहळू वरचा क्रम द्यावा असा नियमही त्यांनी केलेला होता, परंतु तो खालच्या वर्गास लागू नव्हता. नियमांतील प्रत्येक ओळ त्यांचीच होती, आणि एकेक ओळ स्वतंत्र वाचली तर तिच्यात काहीही चूक नव्हती.

"माझं आहे," त्या म्हणाल्या.

हवामानवाल्यांना आधी वाटले की ही थट्टाच आहे. मग त्यांना आठवले. आप्पांची फीत केंद्रात सर्वांना माहीत होती. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे... इतके महिने आमच्यामुळं?"

"तुमच्यामुळं नाही. तुम्ही विचारलंत, मी जागा दिली."

"मग आत्ता सोडवा! एक आज्ञा आहे ना? मला माहितेय ती, मार्गदर्शिकेतच आहे."

"ती माझ्या कामासाठी मी नाही देणार. नियम बदलायचा तर वापरकर्त्यांच्या सभेत बदलेन, सगळ्यांसाठी."

"सभा! सभा कधी भरणार? तुमच्या आप्पांचा कान सभेसाठी थांबणार आहे का?" त्यांचा आवाज चिरकला. काचेपलीकडून जाणारे दोघेतिघे थबकले. "बरं, मला एक सांगा. माझं काम माझं आहे ना? ते मी उचलून दुसरीकडं नेलं तर तुमची हरकत आहे का?"

रांगताईंनी हात कळफलकावरून काढून मांडीवर ठेवले.

"अर्धं शिवलेलं पुस्तक आहे, दोरा पुन्हा शोधावा लागेल, माहितेय मला. शोधतो." असे म्हणून त्यांनी स्वतःच्याच हाताने हवामान विभागाचे काम शेवटच्या प्रोसेसरवरून सोडविले आणि बाजूच्या रिकाम्या प्रोसेसरवर नेऊन बांधले. पडद्यावर त्या एकाकी ओळीपुढचा शब्द बदलला. चालू.

आम्ही तिघेही बराच वेळ तो शब्द पाहत राहिलो. त्यानंतर रांगताईंनी थर्मास उघडला, तीन पेल्यांत चहा ओतला, आणि ओतताना नजर पडद्यावरच राहिल्याने माझ्या पुढ्यातील 'उपासमार' या नोंदीवर एक तपकिरी डाग पसरला. त्या पानाची दुसरी प्रत काढू असे मी म्हणालो. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "नाहीतरी ती नोंद पुन्हा लिहावी लागणार आहे."

काम पुढे काही आठवडे चालले आणि एके सकाळी ते पुरे झाल्याचा निरोप आला. त्या दूर गेलेल्या तरुणीच्या रीतीप्रमाणे उत्तर दोन भागांत होते: एका भागात मनुष्याचा आवाज, दुसऱ्यात त्यातून वगळलेले सारे उर्वरित. पुढे जे घडले ते रांगताईंनी मला नंतर सांगितले. त्यांच्याच शब्दांच्या जितके जवळ राहता येईल तितके मी राहतो.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी आप्पांच्या डाव्या बाजूला ध्वनिवर्धक ठेवला. आप्पांनी दाढी केली होती आणि धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी लेकीला सांगितले, खिडकी लावून घे. रांगताईंनी लावली. मग पहिला भाग सुरू केला.

खोलीत एका तरुण बाईचा आवाज आला. गुणगुणणारा, अतिशय मृदू. काही शब्द गिळलेले, सुई ओवताना ओठांत दोरा धरल्यासारखे. रांगताई उभ्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. ज्या स्वराची त्यांनी जन्मभर कल्पना केली होती तो हा नव्हता. तो त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान वयाचा होता.

आप्पा मान किंचित कलती करून वाट पाहत होते.

"लाव की," ते म्हणाले.

"लावलंय, आप्पा."

त्यांनी लेकीकडे पाहिले. मग ध्वनिवर्धकाकडे. "मोठं कर."

रांगताईंनी मोठे केले. अजून मोठे केले. आवाज फाटू लागला. आप्पांनी डोळे मिटून घेतले आणि पुष्कळ वेळाने म्हणाले, "काहीतरी आहे. लांब कुठंतरी माशी असावी तसं. ती नाही ही."

रांगताईंनी यंत्र बंद केले आणि त्यांच्या पायाशी बसून सगळे सांगितले. शेवटचा प्रोसेसर, बांधलेले काम, वाया गेलेले महिने. ओरडून सांगावे लागले. शेजारच्या घरी ऐकू गेले असेल.

"म्हणजे तू तिला बांधलंस आणि विसरलीस," आप्पा म्हणाले.

"विसरले नाही. बघितलं नाही."

"का?"

"बघितलं असतं तर हात गेला असता."

"मग गेला असता." आप्पांचा स्वर रागाचा नव्हता, खरोखरच उत्तर हवे असल्यासारखा होता. "गेला असता तर काय झालं असतं गं?"

रांगताईंनी ध्वनिवर्धक जवळ ओढला.

मग, हाताला काहीतरी काम हवे म्हणूनच केवळ, त्यांनी दुसरा भाग सुरू केला, तो उर्वरित. ओलीची खरखर, आणि तिच्यातून शिवणयंत्राचा जड, खालचा ठेका. आप्पा एकदम सरळ बसले.

"ही! ही बघ, ही आहे. सरळ शिवण आहे आत्ता. ऐक, आता कोपरा येईल... आला. कोपऱ्यावर पाय हलका करते ती. बाकीच्या बायका थांबतात, ही नुसता पाय हलका करते." त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर त्या लयीने पडत होती. "कॉलर आहे. नक्कीच कॉलर आहे." मग ठेका थांबला तशी बोटेही थांबली. "इथं थांबलीय. का गं थांबली? तुझ्या त्या भागात काही ऐकू येतं का इथं?"

रांगताईंनी पहिला भाग पुन्हा लावला, या वेळी स्वतःच्या कानाला लावून, आणि ते ठिकाण शोधले.

"बोलते."

"काय बोलते? आणि कसं बोलते ते सांग. नुसते शब्द नकोत मला."

ज्या बाईने माझ्या यादीतले अर्धे शब्द अचूकतेच्या अभावी बाद केले होते, तिला त्या क्षणी शब्द सापडेनात. आवाज पातळ आहे, त्या म्हणाल्या. पातळ म्हणजे? पातळ, पण ओला. आप्पांनी मान हलवली, हं, सर्दी असायची तिला. शेवटचा शब्द वर जातो. जातोच, आप्पा म्हणाले, प्रश्न नसला तरी जातो. आणि हसू आहे मागे, दाबलेले. ते ऐकून आप्पांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने तो पुसत राहिले.

"आणि म्हणते काय?"

"म्हणते, 'माझं निळं रीळ कुणी नेलं?'"

आप्पा मोठ्याने हसले. "कुणी म्हणजे? तूच! रिळं पळवून मेजाखाली जाऊन बसायचीस. सगळी रिळं सोडून नेमकं तिला हवं तेच. मग पुढं?"

"पुढं काही नाही. थोडा वेळ काहीच नाही. मग तुमच्या भागातलं यंत्र पुन्हा सुरू होतं."

"सुरू होतं ना? मग दिलंस तू तिला."

सभा भरली, नियम बदलले, मार्गदर्शिका निघाली; तिची एक प्रत आप्पांनी निळ्या कापडात बांधली. रांगताई अजून त्या काचेआड बसतात. घरी परतल्यावर आप्पांच्या बाजूला दुसरा भाग लावून देतात आणि स्वतः पहिला कानाला लावतात, दोन्ही एकाच क्षणी सुरू होतील असे. आप्पांची बोटे खुर्चीच्या हातावर चालू लागतात. गाणे त्या ऐकतात, पण खरे लक्ष पुढे असते. तो प्रश्न येतो. आणि त्यानंतर, आप्पांची बोटे पुन्हा हलू लागण्यापूर्वी, जी थोडीशी जागा रिकामी आहे, तिच्यात त्या श्वास धरून कान देतात. स्वतःच्या लहान पावलांचा आवाज त्यांना अजून ऐकू आलेला नाही.